दस्तरखान : पहिला घास भाजीचा (शामी मसाल्याची भरली ढोबळी मिरची)



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो आहे. मुलगी सतरा-अठराची, कधी तेवीस-चोवीसची, कधी घरात नुकतीच आलेली सून. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर राठ केस, गालांवर पुरळ, आणि वजन काही केल्या उतरत नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या करून ‘पीसीओडी’ किंवा ‘पीसीओएस’ असं लिहून दिलं आणि उठता उठता सांगितलं, “आहार सांभाळा.” घरी आल्यावर आई विचारात पडते. आहार सांभाळायचा म्हणजे चुलीवर नेमकं काय ठेवायचं?

एका आईनं लिहिलं आहे की ती आता मुलीसाठी रोज वेगळं शिजवते. उकडलेला दुधी, उकडलेलं गाजर, एक फुलका. बाकीचे भावंडं दस्तरखानावर समोसे, भजी, बिर्याणी खातात आणि मुलगी आपली थाळी घेऊन आतल्या खोलीत जाते. दोन आठवडे ती गप्प खाते, मग एक दिवस सगळ्यांची नजर चुकवून पाच समोसे खाते आणि रडते. ‘हिला समजवा’ असं आईचं म्हणणं आहे.

मला वाटतं, समजवायचं असेल तर मुलीला नव्हे. वेगळी थाळी हे औषध नाही, ती एक प्रकारची शिक्षा होऊन बसते. शिवाय त्या थाळीची मुळात गरजही नाही. या त्रासात जे खाणं चांगलं, तेच वडिलांच्या शुगरला चांगलं, दादीच्या बीपीला चांगलं आणि शाळेत जाणाऱ्या धाकट्यालाही चांगलं. म्हणून या महिन्यात सगळ्यांच्या दस्तरखानावरचा फक्त एक पदार्थ बदलू या. सगळ्यात आधी जो येतो, तो.

आधी थोडं दुखण्याविषयी, कारण नाव ऐकूनच बऱ्याच घरांत घबराट होते. शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली याचं वर्णन केलं, म्हणजे हे काही मोबाईलच्या जमान्यातलं नवं दुखणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या दर शंभर स्त्रियांपैकी दहा-बारा जणींना हा त्रास असतो, आणि त्यातल्या पुष्कळजणींना तो आहे हेच माहीत नसतं. नावात ‘सिस्ट’ आहे म्हणून पोटात गाठी झाल्या असं समजून बायका हादरतात. सोनोग्राफीत दिसतात ती पूर्ण न वाढलेली बीजं असलेल्या बारीक पिशव्या. त्या कापून काढायच्या गाठी नव्हेत.

यात इन्सुलिनचा भाग मोठा आहे. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवणारा हार्मोन. बऱ्याचजणींच्या शरीरावर त्याचा असर कमी होतो. मग शरीर तेच काम करायला जास्त इन्सुलिन सोडतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन अधिक बनवायला लावतं. त्यातून चेहऱ्यावरचे केस येतात, पुरळ येतं, बीज वेळेवर तयार होत नाही आणि पाळी लांबते. घरात मधुमेह असेल तर हा त्रास होण्याची शक्यता वाढते. सडपातळ मुलींनाही तो होतो, म्हणून ‘खाऊन खाऊन झालंय’ हे पाहुण्यांचं बोलणं आधी बंद करावं. मुलीच्या आईनंच ते करावं, आणि तिथल्या तिथे करावं.

हे एवढं कळलं की आहाराची दिशा आपोआप कळते. रक्तातली साखर एकदम उसळू नये, म्हणजे इन्सुलिनलाही एकदम धावावं लागणार नाही. इथे एक गोष्ट कामाची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. काही अभ्यासांत असं दिसलं आहे की जेवणात भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली आणि भात-रोटी शेवटी, तर तेच अन्न, तेवढंच अन्न खाऊनही जेवणानंतरची साखर कमी चढते. भाजीतला चोथा आणि प्रथिनं पोटात आधी गेली की मागून येणारं पीठ सावकाश पुढे सरकतं.

आता आपल्या घरांतला क्रम आठवा. पाहुणे आले की आधी शरबत, मग समोसे, बटाटावडे, ब्रेडरोल. इफ्तारला खजूर झाला की लगेच कांदाभजी आणि लाल शरबताचा ग्लास. दावतीत तर ‘स्टार्टर’ म्हणून जे फिरतं ते सगळं मैद्यात किंवा कॉर्नफ्लोअरमध्ये बुडवून तळलेलं. पोट रिकामं असतं आणि पहिला घास मैदा, साखर आणि तेलाचा पडतो. खजुराला माझं काही म्हणणं नाही. खजुरानं रोजा सोडायचा तो सोडावाच, एक-दोन खजुरांनी काही बिघडत नाही. पण त्यापाठोपाठचे शरबताचे दोन ग्लास, त्याला मात्र कुणी हात आखडत नाही.

म्हणून हा पहिलाच घास आपण बदलायचा. त्याजागी भरलेली भाजी आणायची. आपल्याला ती नवी नाही. भरली वांगी, भरलं कारलं, भरली दोडकी हे सगळं महाराष्ट्रातल्या घरोघरी होतं. आणि शामी कबाबचा मसाला तर आपल्या घरांत झोपेतसुद्धा करता येतो. या दोन ओळखीच्या गोष्टी एकत्र केल्या की झालं. कबाब तळायच्याऐवजी तो ढोबळी मिरचीच्या वाटीत भरायचा आणि तव्यावर झाकण ठेवून शिजवायचा. ढोबळी मिरचीला कुणी भोपळी मिरची म्हणतं, कुणी सिमला मिरची. भाजी एकच.

साहित्य (अर्ध्या मिरच्यांचे १६ नग, पाच-सहा माणसांना) :

लहान आकाराच्या ढोबळ्या मिरच्या ८ (साधारण अर्धा किलो), मटणाचा किंवा चिकनचा खिमा पाव किलो, हरभऱ्याची डाळ १०० ग्रॅम, एक मध्यम कांदा, लसणाच्या ६-७ पाकळ्या, आल्याचा इंचभर तुकडा, सुक्या लाल मिरच्या ३-४, जिरं १ चमचा, मिरे ७-८, लवंगा ४, दालचिनीचा बोटभर तुकडा, मसाला वेलची १, हिरव्या मिरच्या २, मूठभर पुदिना, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, आणि तेल सगळं मिळून १ मोठा चमचा.

खिमा खाटकाकडून समोर उभं राहून काढून घ्या. चरबी बाजूला करायला सांगा आणि मशीनमधून दोनदा काढायला सांगा. आधीच काढून ठेवलेला खिमा घेऊ नका. त्यात काय काय गेलंय ते आपल्याला कळत नाही. मिरच्या मात्र लहान हव्यात, मुठीत मावतील एवढ्या. मोठ्या मिरचीत सारण जास्त मावतं, पण ती आतपर्यंत शिजेस्तोवर बाहेरून मेणासारखी होते, आणि हातात धरून दोन घासांत खायचा पदार्थ थाळीत घेऊन खायचा होतो.

डाळ धुऊन तासभर भिजवा. चिकनचा खिमा असेल तर दोन तास, कारण चिकन लवकर शिजतं आणि डाळ मागे राहते. कुकरमध्ये खिमा, भिजलेली डाळ, लसूण, आलं, सुक्या मिरच्या, सगळा अख्खा मसाला, मीठ आणि पाऊण वाटी पाणी घाला. मटणाला तीन-चार शिट्ट्या, चिकनला दोन. कुकर उघडल्यावर पाणी दिसेलच. ते मोठ्या आचेवर हलवत हलवत पूर्ण आटवा. या ठिकाणी घाई नको. सारणात ओल राहिली तर मिरची वाफेत गळते आणि सारण बाहेर येतं. डाळ बोटांनी दाबली की मोडली पाहिजे, पण तिचं पिठलं होता कामा नये.

मिश्रण ताटात पसरून गार करा. दालचिनी आणि वेलचीचं साल काढून टाका. मग पाण्याचा थेंबही न घालता मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. घरात पाटा असेल तर त्याच्यावर वाटलेल्याची चव वेगळीच, पण आता तो बऱ्याच घरांत जिन्याखाली उभा असतो. वाटलेल्या मसाल्यात कांदा, हिरवी मिरची, पुदिना, कोथिंबीर बारीक चिरून घाला आणि लिंबू पिळा. शामी कबाब तळताना सुटू नये म्हणून आपण अंडं घालतो. इथे त्याची गरज नाही, मिरचीची वाटीच त्याला धरून ठेवते.

मिरच्या धुऊन पुसून उभ्या चिरा आणि देठासकट दोन भाग करा. देठ काढू नका. देठ असला की वाटीचं तोंड फाटत नाही, आणि खाताना धरायलाही सोपं जातं. आतल्या बिया आणि पांढऱ्या शिरा काढा. आतून किंचित मीठ चोळून दहा मिनिटं पालथ्या घालून ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी खाली निथळेल. मग प्रत्येक वाटीत सारण दाबून भरा. काठाबरोबर भरा, वर डोंगर करू नका.

जाड बुडाच्या तव्यावर अर्धं तेल पसरा. मिरच्या सारणाची बाजू वर करून मांडा, झाकण ठेवा, आच मंद. आठ ते दहा मिनिटांत खालून डाग पडतात आणि मिरची मऊ होते, पण तिचा आकार राहतो. झाकण काढा, उरलेलं तेल कडेनं सोडा आणि मिरच्या उलथ्या करून सारणाची बाजू तीन-चार मिनिटं मध्यम आचेवर खरपूस होऊ द्या. कबाबचा वास सुटला की झालं. घरात ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर त्यातही होतात, पण तव्यावरची खरपूस बाजू मला जास्त आवडते.

थोडा हिशेबही करू या, कारण ‘पोट भरेल का’ असं कुणीतरी विचारणारच. पाव किलो खिम्यात साधारण ५० ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत साधारण २०. म्हणजे सोळा नगांत ७०, एका नगाला चारेक ग्रॅम. दोन नग खाल्ले तर एका अंड्यापेक्षा जास्त प्रथिनं पोटात जातात. आणि एवढ्या सगळ्याला तेल एक मोठा चमचा. समोसे तळायला कढईत किती तेल ओतावं लागतं ते आपल्याला माहीत आहेच.

आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. ढोबळी मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं. शिजवताना काही कमी होतं, तरी बरंच उरतं, आणि वर लिंबूही आहे. डाळीतलं लोह शरीरात उतरायला क जीवनसत्त्वाची मदत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. ज्या मुलींची पाळी महिनोन्महिने येत नाही आणि आली की पंधरा दिवस थांबत नाही, त्यांच्यात ही कमतरता आणखी वाढते. म्हणूनच या नाश्त्याबरोबर लगेच चहा ओतू नका. चहा लोह अडवतो. तासभर थांबा. आपल्या घरांत चहाला तासभर थांबवणं हे मिरच्या भरण्यापेक्षा अवघड काम आहे, हे मला ठाऊक आहे.

सोबत टोमॅटो सॉस नको, त्यात साखर असते. घट्ट दह्यात पुदिना, हिरवी मिरची, भाजलेलं जिरं आणि मीठ घालून चटणी करा. कांद्याच्या गोल चकत्या आणि लिंबू असेलच.

खिमा नको असेल किंवा महिनाअखेरीला परवडत नसेल, तर काळे हरभरे रात्रभर भिजवून, शिजवून, भरड वाटा. त्यात पन्नास-साठ ग्रॅम पनीर कुस्करून घाला आणि मसाला वरचाच ठेवा. मोड आलेली मटकी वाफवून, कोरडी करून, दाण्याच्या कुटाबरोबर भरली तरी छान लागते. दोन टोमॅटो पोकळ करून त्यांतही भरता येतं, मात्र टोमॅटो घट्ट हवा आणि तव्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. बटाटा मात्र भरू नका. बटाट्याशी माझं वैर नाही, पण मग समोशाचं सारणच मिरचीत घातल्यासारखं होईल आणि सगळ्या खटाटोपाचा उपयोग उरणार नाही. बाइंडिंगसाठी ब्रेडचा चुरा, कॉर्नफ्लोअर घालायचा मोहही आवरा. अगदी लागलंच तर चमचाभर भाजलेलं बेसन.

भरली वांगी या कामाला चालतील का, असंही कुणी विचारेल. जरूर चालतील. तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं यांचं वाटण उत्तम आहे. गूळ तेवढा घालू नका किंवा नावाला घाला, आणि तेलाचा तवंग कमी करा. एवढं केलं तर मराठवाड्यातली भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी हे या दुखण्यावर बाजारातल्या कुठल्याही ‘डाएट’ डब्यापेक्षा चांगलं जेवण आहे. कोकणातल्या भगिनींच्या घरी तांदळाची भाकरी आणि भात हेच मुख्य अन्न. तिथे भात बंद करा असं सांगून काही होणार नाही, सांगूही नये. मासळीचं कालवण, भाजी आधी खा आणि भात मागून घ्या, थोडा कमी घ्या. एवढं रोज होतं.

मिरच्या वाढताना घाई करू नका. दस्तरखान पसरला की आधी ही थाळी आणि काकडी-मुळ्याची कोशिंबीर एवढंच ठेवा. सगळ्यांचे दोन-दोन नग खाऊन होऊ द्या. रोटी, सालन, भात दहा मिनिटांनी आणा. कुणाला ‘पथ्य’ असं सांगायची गरज नाही. पीसीओडी असलेली मुलगीही तिथेच बसलेली असेल आणि सगळे खातायत तेच खात असेल. तिच्याकडे वळून ‘हे तुझ्यासाठी केलंय’ असंही म्हणू नका. मुलींना ते नको असतं.

आता बाजाराविषयी दोन शब्द. ‘हार्मोन बॅलन्स’ अशी चिठ्ठी लावलेल्या पावडरी, चहा, बियांचे डबे, ज्यूस यांचा सध्या सुळसुळाट आहे. हजार-दीड हजाराचा डबा घेऊन दोन महिने प्यायल्यावर मुलगी होती तिथेच असते. कुठलाच एक पदार्थ हार्मोन जागेवर आणत नाही, ही मिरचीही नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या पुढाकारानं जगभरातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये या दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की यासाठी अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. घरातला साधा, सकस आहार, जो वर्षानुवर्षं पाळता येईल, तोच चांगला. म्हणजे दूध बंद, गहू बंद, भात बंद, सगळं बंद अशी यादी कुणी हातात दिली तर ती घडी करून बाजूला ठेवायला हरकत नाही. गव्हाची किंवा दुधाची खरोखर ॲलर्जी असेल तर ती वेगळी बाब. वजन जास्त असेल आणि त्यातलं पाच टक्के जरी उतरलं, म्हणजे सत्तर किलोच्या मुलीचं साडेतीन किलो, तरी अनेकींच्या पाळीत फरक पडलेला दिसतो. आठवड्याला एकूण अडीच तास झपझप चालणं हेही तितकंच लागतं. संध्याकाळी आई-मुलीनं मिळून निघावं. मुलीला एकटीला पाठवायचं की नाही, या वादात चालणंच राहून जातं.

गोळ्यांविषयीही लिहायला हवं, कारण त्याबाबत पत्रांत फार गोंधळ दिसतो. पुष्कळ मुलींना मेटफॉर्मिन दिली जाते. शेजारीण सांगते, ‘अगं, ही तर शुगरची गोळी!’ आणि आई घाबरून ती बंद करते. मुलीला मधुमेह झाला असा त्याचा अर्थ नाही. इन्सुलिनचा असर सुधारावा म्हणून ती दिलेली असते. ती जेवणाबरोबर घ्यायची असते, उपाशीपोटी घेतली तर मळमळ, जुलाब होतात. वर्षानुवर्षं घेत असाल तर ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. पाळी नियमित व्हावी म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनाही ‘गर्भनिरोधक’ म्हणून लाजण्याचं कारण नाही. अशा मुलीला ते औषध म्हणून दिलेलं असतं. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे महिना लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. स्वतःच्या मनानं सहेरी-इफ्तारची विभागणी करू नये.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यानंतरही दोन पाळ्यांमधलं अंतर नेहमी ३५ दिवसांपेक्षा जास्त असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर दाखवायला हवं. तीन-तीन महिने पाळीच नाही, असं असेल तर अजिबात थांबू नका. पाळी येत नाही म्हणजे त्रास टळला, असं काही मुलींना वाटतं. आत गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि ते वर्षानुवर्षं तसं राहणं चांगलं नाही. मुलीला बाई डॉक्टर हवी असेल तर शोधा, पण शोधण्यात सहा महिने घालवू नका. आणि ‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ हा सल्ला देणाऱ्यांना कृपया आपल्या मुलीचा निर्णय घेऊ देऊ नका. लग्नानं इन्सुलिन बदलत नाही. नात्याच्या बोलणीत हे लपवावं का, असं दोघी-तिघींनी विचारलं आहे. माझं मत विचाराल तर लपवू नये. उपचार घेतले तर यातल्या बहुतेक मुलींना मूल होतं, हे पक्कं माहीत असलेल्या आईला लपवण्याची गरजही वाटत नाही. समोरच्यांनी एवढ्यावरून नकार दिला तर लग्नाआधीच कळलं हे बरं.

शेवटी साठवणीचं. सारण एकदम दुप्पट करा, त्याला वेळ तेवढाच लागतो. अर्धं लगेच वापरा. उरलेल्यात कच्चा कांदा न घालता चपटे गोळे करून डब्यात, मध्ये बटर पेपर ठेवून, फ्रीजरमध्ये ठेवा. तीन-चार आठवडे छान राहतात. काढल्यावर खालच्या खणात रात्रभर ठेवून सुटू द्या, मग कांदा घालून भरा. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवू नका. भरलेल्या मिरच्या मात्र गोठवू नका, पाणी होतं. फ्रीजमध्ये कच्च्याच झाकून एक दिवस चालतात, म्हणजे सकाळी भरून ठेवल्या तर इफ्तारच्या वीस मिनिटं आधी तव्यावर टाकता येतात. शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या मुलीला देताना सारणाचे गोळेच द्या. तिच्या खोलीत इंडक्शनची शेगडी आणि एक तवा असेल तर मिरची ती तिथे विकत घेईल. एक मिरची, दोन वाट्या, दहा मिनिटं, आणि कॅन्टीनच्या वडापावाआधी पोटात काहीतरी बरं गेलेलं असेल.